एकाच सतरंजीवर

नागपुरात सीताबर्डीच्या उत्तरेला सदर नावाची वस्ती आहे. इंग्रजी अमदानीत रेसिडेंटसाहेबांचा मुक्काम ह्याच बाजूस असे. साहेब गेले, त्यांची अमदानीही गेली. ‘रेसिडेन्सी रोड’ हे रस्त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. संध्याकाळी सदरच्या रस्त्याने कोणी फिरावयास निघाला, तर डोळ्यांपेक्षा त्याच्या कानांनाच अधिक काम पडते. चर्चची घंटा वाजते, मशिदीतून बांग ऐकू येते, देवळात आरतीच्या झांजा सुरू होतात. लग्नसराई असली तर बँडवाले त्यात आपली भर घालतात. हे सारे सूर एकाच हवेत मिसळतात, असे म्हणण्याची रीत आहे. खरे पाहता ते मिसळत नाहीत. एकाच वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे ते एकमेकांच्या शेजारी राहतात, एवढेच.

अशा वस्तीतील शाळेचे स्नेहसंमेलन पाहावे. चर्चच्या गायनवृंदात गिटार शिकलेली मुले येतात, ती उभी राहून वाजवितात. तबला-पेटीच्या वर्गाला जाणारी मुले येतात, ती सतरंजीवर मांडी घालून बसतात. एक कार्यक्रम संपतो, पडदा पडतो, सतरंजी अंथरली जाते, मग दुसरा सुरू होतो. एखाद्या हौशी शिक्षकाच्या मनात येते की, ह्या दोघांनी मिळून काही वाजवावे. मुलेही तयार होतात. आणि मग पहिलीच अडचण निघते : बसावयाचे कोणी, आणि उभे राहावयाचे कोणी?

प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी काही थोर वादकांपुढेही तो उभा राहिला होता. त्यांनी आपल्या वागण्याने त्याचे जे उत्तर दिले, त्यातून ‘शक्ती’ नावाचा वाद्यवृंद जन्मास आला.

त्याची हकीकत समजावयाची, तर जॅझ म्हणजे काय हे थोडे कळले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लीन्स नावाचे बंदर आहे. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणले होते, अशा काळ्या लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे हे संगीत घडविले. जॅझचा वादक पाठ केलेलेच वाजवीत नाही. ठरलेली चाल तो एकदा ऐकवितो आणि मग त्याच क्षणी सुचेल तसा तिचा विस्तार करतो. आपले गवई ज्याला उपज म्हणतात, तिच्याशी ह्याचे नाते जवळचे आहे. फरक आहे तो मांडणीत. आपला राग तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर एकेका सुराने पुढे सरकतो. जॅझमध्ये तीन-तीन, चार-चार सूर एकदम वाजतात, आणि अशा स्वरसमूहांच्या पायऱ्यांवरून वादक चढत-उतरत जातो. मुंबईला हे संगीत १९३०नंतरच्या दशकातच येऊन पोहोचले होते. ताजमहाल हॉटेलात परदेशी वादक ते वाजवीत, आणि गोव्याकडच्या वादकांनी ते हां हां म्हणता आत्मसात केले. तथापि ते राहिले हॉटेलाच्या नाचघरात. गिरगावातील गाण्याच्या बैठकीशी त्याची गाठ क्वचितच पडली. शेजारधर्म होता, घरोबा नव्हता.

जॉन मॅक्लॉफ्लिन ह्यांचा जन्म १९४२ साली इंग्लंडमधील डॉनकॅस्टर ह्या गावी झाला. आई व्हायोलिन वाजवीत असे. अकराव्या वर्षी गिटार त्यांच्या हाती आली, आणि ती पुढे सुटली नाही. १९६९ साली ते अमेरिकेस गेले आणि माइल्स डेव्हिस ह्या विख्यात ट्रम्पेटवादकाबरोबर वाजवू लागले. त्या सुमारास डेव्हिस जॅझमध्ये विजेवर चालणारी वाद्ये आणि रॉक संगीताचा ठेका आणीत होते. ह्या मिश्रणालाच पुढे ‘फ्यूजन’ हे नाव पडले. १९७१ साली मॅक्लॉफ्लिन ह्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा स्वतःचा वाद्यवृंद काढला. त्याचे वादन म्हणजे वळवाचा पाऊसच : विजेची गिटार, मोठाले ड्रम, आणि छाती दडपून टाकणारा वेग. लोक अक्षरशः हजारांनी लोटत.

परंतु कीर्तीच्या अशा भरात हा मनुष्य दुसरीकडे विद्यार्थी होऊन बसला होता. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन ह्यांच्याकडे तो वीणा शिकत असे. त्याला वीणावादक व्हावयाचे नव्हते. आपले वाद्य गिटारच, हे तो ओळखून होता. रागाचे चलन कसे असते, गमक कोठे येते, ताल कसा मोजतात, हे त्याला आतून समजून घ्यावयाचे होते. त्याच विद्यापीठात एल. शंकर हे तरुण व्हायोलिनवादक होते. कर्नाटक संगीत त्यांना वडिलांकडून, व्ही. लक्ष्मीनारायण ह्यांच्याकडून, मिळाले होते. दोघांचे वादन एकत्र होऊ लागले.

तिसरे नाव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. झाकीर हुसेन ह्यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला, आणि त्यांचे बालपण माहीममध्ये गेले. वडील उस्ताद अल्लारखाँ हे पंजाब घराण्याचे नामांकित तबलावादक. नवजात मुलाच्या कानात प्रार्थना सांगण्याची चाल आहे. अल्लारखाँनी तबल्याचे बोल सांगितले. हीच माझी प्रार्थना, असे त्यांचे म्हणणे. ही गोष्ट झाकीरभाई स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगत. पुढे मुलाचा दिनक्रम असा ठरला : पहाटे तीनच्या सुमारास उठून वडिलांसमोर बसावयाचे आणि बोल म्हणावयाचे, उजाडले की मदरशात कुराण शिकावयाचे, आणि तेथून सेंट मायकल ह्या मिशनरी शाळेत जाऊन इतर मुलांबरोबर ख्रिस्ती प्रार्थनागीते गावयाची. सदरमधील मुलांना ही दिनचर्या फारशी परकी वाटणार नाही. मात्र पहाटे तीनचे उठणे वगळून!

१९७०च्या सुमारास झाकीर अमेरिकेत गेले आणि पुढे उस्ताद अली अकबर खाँ ह्यांच्या कॅलिफोर्नियातील संगीत विद्यालयात तबला शिकवू लागले. मॅक्लॉफ्लिन ह्यांची गाठ पडली ती तिकडेच. चौथे मद्रासकडचे टी. एच. विनायकराम. त्यांचे वाद्य घटम्. घटम् म्हणजे मातीचा घडा. त्याला कातडे नाही, तार नाही. वादक घड्याचे तोंड पोटाशी धरतो आणि दहा बोटांनी, तळव्यांनी, मनगटांनी त्याच्या अंगावर आघात करतो. तोंड पोटाशी कमी-अधिक दाबले की नाद बदलतो. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांचे जे गायन झाले, त्या वेळी साथीला हाच घडा होता. आरंभी आर. राघवन ह्यांचा मृदंगही ह्या मंडळीत होता.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ‘शक्ती’ म्हणजे पूर्व आणि पश्चिम ह्यांची भेट, असे सर्रास लिहिले जाते. ते खरेच आहे. पण पूर्वेचीच पूर्वेशी भेट व्हावयाची राहिली होती, त्याचे काय? तबला उत्तरेचा, घटम् आणि मृदंग दक्षिणेचे. एकाच देशात राहूनही ह्या वाद्यांनी एका बैठकीत बसण्याचे प्रसंग त्या काळी विरळाच. तालांची नावे निराळी, मोजण्याची रीत निराळी, बोल निराळे. मुंबईचा झाकीर आणि मद्रासचे विनायकराम ह्यांना एकमेकांची भाषा शिकावी लागली, ती सातासमुद्रांपलीकडे जाऊन!

ती भाषा कशी असते, ते करून पाहण्यासारखे आहे. कर्नाटक पद्धतीत ताल आधी तोंडाने म्हणतात. त्या कलेला कोन्नक्कोल म्हणतात. चार मात्रांना ‘तकधिमि’, तीन मात्रांना ‘तकिट’. पाच हव्या असतील, तर ‘तक’ आणि ‘तकिट’ जोडावयाचे. सात हव्या असतील, तर ‘तकिट’ आणि ‘तकधिमि’. हाताने सारख्या टाळ्या देत, प्रत्येक टाळीला एक अक्षर, असे तोंडाने सात-सातचे बोल म्हणून पाहावे. दोन-तीन आवर्तनांतच कोठेतरी पाय घसरतो. ‘शक्ती’च्या १९७६ सालच्या एका प्रसिद्ध रचनेचा आरंभच अशा बोलांनी होतो. आधी जिभेचा वेग, मग बोटांचा. ऐकणारे इंग्रज-अमेरिकन श्रोते ह्या खेळाने चकित होत. पण तो खेळ नव्हता, तो अभ्यास होता.

गिटारलाही विद्यार्थी व्हावे लागले. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर दाबून बाजूला ओढतात. सूर न तुटता वर चढतो. गिटारच्या पट्टीवर तार इतकी ओढली जात नाही, कारण बोट लाकडाला टेकते. तेव्हा एब वेक्टर नावाच्या कारागिराने मॅक्लॉफ्लिन ह्यांच्यासाठी नवी गिटार घडविली. दोन पडद्यांमधील लाकूड कोरून त्याने खोलगट केले, म्हणजे बोट लाकडाला न लागता तार हवी तशी खेचता यावी. शिवाय मुख्य तारांखालून तिरप्या अशा सात जादा तारा बसविल्या. ह्या तारा मुद्दाम छेडावयाच्या नसतात. वर एखादा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. सतारीवर आणि सारंगीवर आपण त्यांना तरफा म्हणतो. वाद्य गिटारच राहिले, पण त्याच्या पोटात तंबोऱ्याचा गुंजारव आला.

काटोल-नरखेडकडील मुलांना ही गोष्ट चटकन उमगेल. संत्र्याचे रोप करतात तेव्हा जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. खुंटाची साल हलक्या हाताने उकलून तिच्याखाली डोळा नीट बसवावा लागतो. हात जरा उतावळा झाला की डोळा वाळून जातो. तबल्याशेजारी गिटार ठेवून ‘फ्यूजन’ ही पाटी लावणारे कार्यक्रम पुढे उदंड झाले. त्यांतील बहुतेकांचे डोळे का वाळले, हे निराळे सांगावयास नको.

आता सतरंजीकडे येऊ. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथील एका महाविद्यालयात ‘शक्ती’ची मैफल झाली, आणि तिचेच ध्वनिमुद्रण पुढील वर्षी पहिली तबकडी म्हणून प्रसिद्ध झाले. श्रोत्यांत बहुधा ‘महाविष्णू’चा गडगडाट ऐकावयास आलेलेही असतील. त्यांना दिसले ते असे : रंगमंचावर विजेचे यंत्र नाही, ड्रमचा ढीग नाही, एक बैठक घातलेली, आणि तीवर भारतीय वादकांच्या ओळीत जॉन मॅक्लॉफ्लिन मांडी घालून बसलेले. हजारो लोकांपुढे उभा राहून वाजविणारा माणूस खाली बसला होता. त्या बसण्यात दिखावा नव्हता. तबला आणि घटम् उभ्याने वाजत नाहीत. तेव्हा ज्याला बसणे शक्य होते, तो बसला. आणि बसल्यावर डोळे एका पातळीत आले. अशा वादनात समेवर एकत्र यावयाचे, तर एकमेकांचे डोळे दिसावे लागतात.

ह्या बसण्याची किंमत मात्र द्यावी लागली. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला हवा होता तो विजेचा मॅक्लॉफ्लिन. हा शांत गिटारवाला तिच्या हिशेबात बसेना. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील प्रसिद्ध जॅझ महोत्सवापर्यंत मंडळी जाऊन आली. १९७६ आणि १९७७ साली आणखी दोन तबकड्या निघाल्या. जाणकारांनी मान डोलावली. परंतु जाणकारांच्या माना मोजून कंपनीचे पोट भरत नाही. १९७८ साली वाद्यवृंद मोडला. मॅक्लॉफ्लिन पुन्हा विजेच्या गिटारकडे वळले, बाकीचे आपापल्या वाटेने गेले. जेमतेम तीन-चार वर्षांचा संसार! जगाच्या दृष्टीने हा प्रयोग फसला होता.

तथापि त्या तीन तबकड्या ऐकल्या जात राहिल्या. भारतातील तरुण वादक त्या मिळवून ऐकत, झिजेपर्यंत ऐकत. जवळजवळ वीस वर्षांनी, १९९७ साली, ‘रिमेंबर शक्ती’ ह्या नावाने मंडळी पुन्हा जमली. शंकर ह्यांच्या व्हायोलिनच्या जागी आरंभी पंडित हरिप्रसाद चौरसिया ह्यांची बासरी आली, आणि नंतर आले यू. श्रीनिवास.

श्रीनिवास ह्यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. आंध्रातील पालकोल येथे १९६९ साली जन्मलेल्या ह्या मुलाने सहाव्या वर्षी वडिलांचे मॅन्डोलिन उचलले. मॅन्डोलिन हे युरोपातील वाद्य. त्यावर कर्नाटक राग वाजविणे जुन्या मंडळींच्या गळी उतरेना. मुलगा वाजवीत राहिला. थोड्याच वर्षांत मद्रासच्या सभा त्याला मानाने बोलावू लागल्या. म्हणजे मॅक्लॉफ्लिन ज्या रस्त्याने पश्चिमेकडून आले होते, त्याच रस्त्याने हा मुलगा पूर्वेकडून निघाला होता. दोघे शेजारी बसले, की गिटारने विचारावे आणि मॅन्डोलिनने उत्तर द्यावे, असा संवाद चाले. विनायकराम ह्यांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वगणेश आले. कंजिरा हे त्यांचे मुख्य वाद्य. तळहाताएवढ्या वर्तुळावर कातडे ताणलेली ही छोटीशी डफली; पण तिच्यातून निघणारा खर्ज ऐकून माणूस मागे वळून पाहतो. गायनाची बाजू शंकर महादेवन ह्यांनी सांभाळली. मुंबईत वाढलेले हे गायक श्रीनिवास खळे ह्यांच्याकडे शिकलेले. त्यांचा आवाज ‘कट्यार काळजात घुसली’ ह्या २०१५ सालच्या चित्रपटामुळे महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचला.

२००० साल झाकीर हुसेन ह्यांना दुःखाचे गेले. फेब्रुवारीत उस्ताद अल्लारखाँ निवर्तले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘रिमेंबर शक्ती’ मुंबईत वाजली, आणि त्या मैफलींचे ध्वनिमुद्रण २००१ साली प्रसिद्ध झाले. पंडित शिवकुमार शर्मा ह्यांचे संतूर, दक्षिणेचा तविल, आणि झाकीरभाईंचे दोघे धाकटे बंधू, फझल आणि तौफिक, असा मोठा गोतावळा त्या बैठकीत होता. पहाटे कानात पडलेल्या बोलांचे ते तिघे वारसदार एकाच मंचावर होते.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. अशा मनुष्याची जागा भरत नसते. काही वर्षांनी मंडळी पुन्हा जमली, तेव्हा दुसरे मॅन्डोलिन आणले नाही. गणेश राजगोपालन ह्यांचे व्हायोलिन आले. हे योग्यच झाले. मग करोनाची साथ आली. ज्या वाद्यवृंदाचे सारे वैशिष्ट्य एका बैठकीवर बसण्यात, त्यातील वादकांना आपापल्या घरी, निरनिराळ्या देशांत, एकेकट्याने वाजवून ध्वनिमुद्रण करावे लागले. कोणी वाजविलेले दुसऱ्याने ऐकावे, त्यावर आपले वाजवून तिसऱ्याकडे पाठवावे. समोर डोळे नसताना समेवर येणे त्यांना साधले, कारण आधीची पुष्कळ वर्षे ते डोळ्यांत पाहून वाजवीत आले होते. ‘धिस मोमेंट’ हा तो संग्रह २०२३ साली प्रसिद्ध झाला. १९७७नंतर ध्वनिमुद्रणगृहात तयार झालेला ‘शक्ती’चा हा पहिलाच संग्रह. त्याच वर्षी पन्नाशीच्या निमित्ताने ह्या वृंदाने मोठा दौरा केला. भारतातही मैफली झाल्या. एक्याऐंशी वर्षांचे मॅक्लॉफ्लिन आणि बहात्तरीकडे आलेले झाकीर एकमेकांकडे पाहून लहान मुलांसारखे हसत.

४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजलिस येथे ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या वृंदाच्या तबकड्या कंपनीला जड झाल्या होत्या, त्याचा हा सन्मान. त्या एकाच दिवशी झाकीर हुसेन ह्यांना तीन ग्रॅमी मिळाले. असा मान त्यापूर्वी कोणा भारतीयास मिळाला नव्हता. वर्ष संपण्यापूर्वी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. वय त्र्याहत्तर.

सदरमधील शाळांतून स्नेहसंमेलने होतातच आहेत. एखाद्या वर्षी गिटारवाली मुलगी खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर बसते. प्रथम तिला अवघडल्यासारखे होते. गिटार मांडीवर नीट राहत नाही, पायाला मुंग्या येतात. तबलजी तिला सूर मागतो. ती एक तार छेडते, पुन्हा छेडते, आणि तो कान खाली करून हातोडीने गट्टे ठोकीत राहतो. बाई पडद्याआडून घाई करीत असतात. पण तबला अजून किंचित उतरलेला असतो, आणि दोघांपैकी कोणीही वर पाहत नाही.